वही सर्वांसमोर वाचली गेली पाहिजे

दर वर्षी पावसाळा सरला की आठवीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कार्ल्याचा डोंगर चढतो. मुले आधी चैत्यगृहापुढचा सिंहस्तंभ पाहतात, मग आत येऊन छताच्या लाकडी कमानींकडे मान वर करून पाहत राहतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी विचारतेच, की हे एवढे कोणी केले? पूर्वी आम्ही सातवाहनांचे नाव सांगून मोकळे होत असू. अलीकडे मुलांना भिंतींवरच्या आणि खांबांवरच्या ब्राह्मी अक्षरांजवळ नेतो. त्या लेखांत वैजयंतीहून आलेला भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे. धेनुकाकटाचा सिंहदत्त आहे, तो सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे. दाराचे काम त्याने केले म्हणून त्याचे नाव दगडात कोरले गेले. खांब दान देणारे यवन आहेत. पलीकडे बेडशाला गेलो तर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे नाव आढळते. राजेरजवाड्यांची दाने येथे आहेतच. परंतु बोरघाटातून बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर व्यापार करणाऱ्या आणि हातांनी काम करणाऱ्या माणसांची दाने त्यांच्या बरोबरीने उभी आहेत.

मुलांना आम्ही आणखी एक लेख सांगतो. तो मावळातला नाही, नाशिकच्या पांडवलेण्यातला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, आणि १,००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंची चीवरे आणि किरकोळ खर्च भागवायचा. एवढे लिहून तो लेख थांबत नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असेही त्यात म्हटले आहे. क्षत्रपाचा जावई पैसे ठेवतो आणि विणकर ते सांभाळतात, आणि तरीही हिशेब चारचौघांत वाचला जातो. आमच्या या लेखाचे सारे म्हणणे त्या एका ओळीत आहे.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आता पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहेत. अनेकांच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारे ते पहिलेच. ती सुट्टीत भेटायला येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक नवा विषय वारंवार येतो: उद्योजकता. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योगांना चालना देण्यासाठी विद्यापीठांत स्वतंत्र संचालकाचे पद निर्माण केले. २०१९ मध्ये केंद्राने विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी स्टार्टअप धोरण आणले. महाविद्यालयांत कक्ष निघाले, श्रेयांक मिळू लागले, स्पर्धा होऊ लागल्या. उद्योजकतेच्या शिक्षणातून विद्यार्थ्यांत नेतृत्व घडते, असे या साऱ्या खटाटोपाचे समर्थन केले जाते. ते कितपत खरे, हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. नेतृत्वाची वाण आपण सोसली आहे आणि नको तितक्या नेत्यांची गर्दीही सोसली आहे.

आमचे मत प्रथमच सांगतो. उद्योजकतेचे शिक्षण विद्यार्थ्याला नेतृत्व शिकवू शकते, मात्र त्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा पडला आणि त्या पैशाचा हिशेब त्याला त्या दुसऱ्यासमोर उभे राहून द्यावा लागला, तरच. हे घडले नाही तर त्या शिक्षणातून फार तर चांगला वक्ता तयार होईल, आणि वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत.

महाविद्यालयांतून या विषयाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे चालते ते आम्ही जवळून पाहिले आहे. चार विद्यार्थ्यांचा गट करायचा, एक कल्पना शोधायची, पडद्यावर बारा चित्रे दाखवायची, परीक्षकांसमोर सात मिनिटे बोलायचे. ज्याचे इंग्रजी सफाईदार त्याला पारितोषिक. आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या गटाला अशाच एका स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. त्याला आम्ही विचारले, तुमच्या त्या वस्तूचे एक नग कोणी विकत घेतले का? तो हसला. वस्तू तयारच झाली नव्हती. ‘नोकऱ्या मागणारे नव्हे, नोकऱ्या देणारे व्हा’ हे वाक्य त्या समारंभात तीन वक्त्यांनी उच्चारले, असे त्याने सांगितले. (तिघेही कायम नोकरीत होते, हेही त्यानेच सांगितले.)

या वाक्याविषयी आमच्या मनात किंतु आहे. सरकारी भरती रखडते, मंजूर पदे रिकामी राहतात, तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार येतो. अशा वेळी तरुणाला उद्योजक व्हायला सांगणे म्हणजे हक्काची मागणी गुंडाळून ठेवायला सांगणे होऊ शकते. आपल्या आधीच्या पिढीला आरक्षणातून मिळालेल्या नोकरीनेच गावकुसाबाहेरून आत आणले. देहूरोड आणि खडकीच्या लष्करी कारखान्यांत, रेल्वेत, टपाल खात्यात लागलेल्या बापांमुळेच आपली मुले वह्या-पुस्तके पाहू शकली. म्हणून ‘मुलाला नोकरी लागली की आम्ही सुटलो’ असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही कधीही हिणवणार नाही. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. आम्ही उद्योजकतेचा आग्रह धरतो तो नोकरीला पर्याय म्हणून नाही. नोकरीत जाणाऱ्या मुलीलाही ते शिक्षण हवे, कारण उद्या ती ग्रामसेविका झाली काय किंवा बँकेत अधिकारी झाली काय, तिच्या हाती लोकांचाच पैसा येणार आहे.

आता एक हकिकत. ती सांगितल्यावाचून आमचे म्हणणे पुरते पोहोचणार नाही.

काही वर्षांपूर्वी आपले सहा माजी विद्यार्थी, चार मुलगे आणि दोन मुली, पुण्यात निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकत होते. त्यांपैकी एकीच्या महाविद्यालयात उद्योजकतेचा विषय होता आणि प्रकल्प म्हणून प्रत्यक्ष व्यवसाय केला तरी चालेल, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले होते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगड-भाजे भागात पर्यटकांची किती रीघ लागते हे या मुलांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांनी वाटेवर पोहे, चहा आणि भाजलेल्या कणसांचे दुकान टाकायचे ठरवले. जागा एका मित्राच्या मामाची. भांडी एका पालकांची. पोहे, शेंगदाणे आणि गूळ लोणावळ्याच्या वाण्याकडून उधारीवर. कणसे गावातल्या एका आजींच्या शेतातली, तीही उधारीवर. सहा जणांनी थोडे थोडे पैसे घातले आणि उरलेले आम्ही शिक्षकांनी मिळून दिले.

पहिले दोन आठवडे धंदा इतका झाला की मुले हरखून गेली. पैसे एका डब्यात पडत होते, लागेल तसे काढले जात होते, आणि वही कोणाकडेही नव्हती. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी सुचवले की शेजारच्या दुकानासारखी आपणही सिगारेटची पाकिटे ठेवावीत, जमल्यास आणखीही काही. खरा पैसा त्यातच आहे. सुचवणाऱ्याचे चुकत नव्हते. लोणावळ्यात सुट्टीच्या दिवशी सर्वांत लवकर काय खपते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री सहाही जण भांडले. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितलेले आहे. शाळेत ते पाठ केलेले होते. पाठ केलेले वाक्य आणि डोळ्यांसमोरून जाणारा पैसा यांची गाठ पडली की काय होते, ते त्यांना तेव्हा प्रथम कळले. सिगारेटी नकोत असे चौघांनी म्हटले, दोघांनी मानले नाही, आणि त्यांतला एक निघून गेला. त्याने आपले पैसे परत मागितले.

येथपर्यंत ही गोष्ट साधी होती. पण पैसे परत द्यायचे तर किती द्यायचे? डब्यात काय आहे, वाण्याचे किती आहे, आजींचे किती आहे, कोणालाच सांगता येईना. ज्या मुलीच्या प्रकल्पासाठी हा खटाटोप चालला होता तिने दोन दिवस बसून आठवेल तेवढे लिहून काढले, वाण्याची वही पाहिली, आजींना विचारले, आणि एक शंभर पानी वही घातली. त्यानंतर दर रविवारी रात्री, भांडी घासून झाल्यावर, ती सगळ्यांसमोर आठवड्याची जमा आणि खर्च वाचू लागली. पहिल्या वाचनात असे निघाले की एकाने डब्यातून बसभाड्यासाठी पैसे घेतले होते आणि सांगितले नव्हते. चोरी नव्हती ती. पण वाचले गेले तेव्हा तो मुलगा खाली मान घालून बसला. त्या मुलीने लगेच पुढे वाचले की तिने स्वतःही दोनदा घेतले होते. ते पाने उलटत असताना आम्ही तेथे होतो. नेतृत्व म्हणजे काय हे आम्ही वर्गात पुष्कळ वेळा शिकवले आहे. ते तेवढ्या स्पष्टपणे आम्हाला कधी सांगता आले नव्हते.

पुढे जोराचा पाऊस झाला, पर्यटनस्थळांवर बंदीचा आदेश निघाला आणि ऐन मोसमातले दोन शनिवार-रविवार कोरडे गेले. पाऊस धो धो पडत असताना धंदा कोरडा, हा विनोद त्यांनीच केला. अखेरीस हिशेब तोट्यात गेला. तोटा फार मोठा नव्हता, मात्र विद्यार्थ्याच्या तीन-चार महिन्यांच्या खानावळीइतका होता, आणि आपल्या मुलांना तेवढा तोटा जड असतो. आधी कोणाचे द्यायचे यावर पुन्हा चर्चा झाली. आजींचे सर्वांत आधी, मग वाण्याचे, मग निघून गेलेल्या भागीदाराचे, मग आम्हा शिक्षकांचे, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे, असे ठरले. निघून गेलेल्या मुलाला त्याच्या वाट्याला आलेला तोटा वजा करून रक्कम दिली, तेव्हा त्याने वही मागून पाहिली आणि काही न बोलता सही केली. शिक्षकांचे पैसे पूर्ण फिटायला दीड वर्ष लागले. ते फिटले, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

ती मुलगी आज उद्योजिका नाही. ती एका सहकारी पतसंस्थेत काम करते. तिच्या प्रकल्पाला महाविद्यालयात साधारण गुण पडले, कारण तोट्यात गेलेल्या व्यवसायाला अधिक गुण कसे द्यायचे, असा प्रश्न परीक्षकांना पडला होता. आमच्या मते प्रश्नच उलटा होता.

आपल्या समाजाला या विषयाचे वावडे आहे, असे कोणी समजू नये. बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून परतले, बडोद्याचा तो कटू अनुभव घेऊन मुंबईस आले, आणि त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली होती, हे आपल्यांतील कितीजणांना ठाऊक असते? कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्ला उत्तमच असणार. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना आणि पेढी बंद पडली. १९१८ मध्ये ते सिडनॅहम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. या प्रसंगातून आपण एक धडा असा काढतो, की व्यवसाय आपल्या लोकांना करूच देत नाहीत. तो खोटा नाही. पण बाबासाहेबांनी स्वतः तेवढाच धडा काढला असता तर १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालयांबरोबर औद्योगिक व शेतकी शाळांचा समावेश झाला नसता, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले नसते. कला आणि कायद्याइतकेच वाणिज्यही आपल्या मुलांनी शिकावे, असे त्या माणसाला वाटले, ज्याची स्वतःची पेढी जातीने बुडवली होती.

मावळाचाच एक जुना दाखला तळेगावला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला; टिळकांनी त्याला पाठबळ दिले; आणि १९०८ मध्ये त्या फंडातून तळेगावात काचेचा कारखाना निघाला. तो कारखाना शाळाही होता. भट्टीपुढे उभे राहून काच फुंकायला शिकलेली माणसे तेथून देशभर गेली आणि ठिकठिकाणच्या काचधंद्यात पसरली. कोण्या एका धनिकाच्या देणगीवर तो उभा नव्हता. ज्याने एकच पैसा दिला त्यालाही ‘माझा पैसा कोठे गेला’ असे विचारण्याचा अधिकार होता. ज्या शिकणाऱ्याला हे माहीत असते, की आपण फोडलेल्या प्रत्येक काचेत हजारो माणसांचा पैसा आहे, तो वेगळ्या रीतीने शिकतो.

परदेशातले एक उदाहरण आपल्याशी इतके मिळतेजुळते आहे की ते सांगण्याचा मोह आवरत नाही. स्पेनच्या बास्क भागात मोंद्रागोन नावाचे डोंगरातले गाव आहे. यादवी युद्धाने पोळलेल्या त्या गावात होसे मारिया अरिस्मेंदियारिएता नावाच्या तरुण धर्मगुरूने १९४३ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढली. तेथील काही विद्यार्थ्यांनी पुढे नोकरी करता करता सारागोसा विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या परीक्षा दिल्या. त्यांपैकी पाच जणांनी १९५६ मध्ये उल्गोर नावाचा कारखाना काढला. मालक आणि कामगार वेगळे नसतील, मतदान माणशी एक असेल, असे त्याचे तत्त्व होते. तीन वर्षांनी गावाची बचत गोळा करणारी सहकारी पतपेढी निघाली. आज तो हजारो कामगारांचा सहकारी उद्योगसमूह आहे. त्याची पुढची वाटचाल निष्कलंक नाही. २०१३ मध्ये त्यातली घरगुती उपकरणांची मोठी कंपनी, जी त्या पहिल्याच कारखान्याची वारस होती, दिवाळखोरीत निघाली. आम्हाला त्यातले लक्षवेधी वाटते ते आरंभीचे: धर्माच्या प्रेरणेने चालणारी एक लहान शाळा, तिचे विद्यापीठापर्यंत पोहोचलेले विद्यार्थी, आणि त्यांच्या पाठीशी त्यांच्याच गावाने ठेवलेली बचत. यांतल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत.

धम्माने श्रीमंतीला कधी नाक मुरडलेले नाही. अनाथपिंडिक श्रेष्ठी आपल्याला परका नाही. चुल्लसेट्ठी जातकातला गरीब तरुण रस्त्यात पडलेल्या एका मेलेल्या उंदरापासून आरंभ करतो, मांजरासाठी तो विकून एक नाणे मिळवतो, त्या नाण्याचा गूळ घेतो, आणि रानातून दमून येणाऱ्या फुलारींना गूळपाणी देतो. ते त्याला मूठ मूठ फुले देतात. नफ्याच्या आधी येथे पाणी आले आहे, हे आम्ही मुलांच्या लक्षात आणून देतो. धनवान झाल्यावर तो पहिले काम करतो ते हे, की ज्याच्या सहज बोलण्यातून त्याला ती युक्ती सुचली त्या श्रेष्ठीकडे जाऊन अर्धे धन पुढे ठेवतो. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी, एक संकटासाठी राखून ठेवण्याचा. त्याच सुत्तात मालकाने कामगारांशी कसे वागावे हेही आहे. शक्ती पाहून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, काही विशेष गोडधोड मिळाले तर वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून नेतृत्वाच्या ज्या शैली शिकवतात त्या शिकवाव्यात. पण आपला मुलगा उद्या चार माणसांना कामावर ठेवणार असेल तर हे पाच नियम त्याने आधी वाचलेले असावेत. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाची मजुरी थकवली, अशा तक्रारी आमच्या कानांवर येतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

राहिला भांडवलाचा प्रश्न, आणि तो मोठा आहे. मावळात गेल्या तीस वर्षांत जमिनी विकून अनेकांनी हॉटेले काढली, बंगले बांधून भाड्याने दिले. आपल्या बहुतेक कुटुंबांकडे विकायला जमीन नव्हती. म्हणून बँकेत तारण ठेवायलाही काही नाही. योजना आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे अपेक्षित धरले गेले. केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्क्यांचे लक्ष्य २०१२ पासून ठरलेले आहे. २००५ मध्ये पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली. हे सारे मोलाचे आहे. परंतु वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दहा लाखांचे कर्ज नको असते, देऊही नये. त्याला वीस-तीस हजार हवे असतात, आणि बुडाले तर घर कोसळणार नाही एवढी खात्री हवी असते. सधन घरातल्या मुलाचा धंदा बुडाला की ‘अनुभव आला’ असे म्हणतात. आपल्या मुलाचा बुडाला की बहिणीचे शिक्षण थांबते. हा फरक मिटवल्यावाचून उद्योजकतेचे शिक्षण सर्वांना सारखेच मिळते असे म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून आमचा एक प्रस्ताव आहे. माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक लहान निधी उभा करावा. देणगीची रक्कम सर्वांची सारखी आणि इतकी कमी असावी, की पहिल्या पगारावर असलेल्या मुलीलाही ती देता येईल; मोठ्या देणगीदाराला त्यात अधिक मत नसावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या गटांना त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, मात्र एकट्याला नाही, किमान तिघांना. पाच निषिद्ध व्यापारांसाठी ती मिळणार नाही. धंदा बुडाला तर फेड लांबवावी, गरज पडल्यास सोडावी. पण हिशेब दिला नाही तर त्या गटाला पुन्हा काही मिळू नये. आणि प्रत्येक गटाने वर्षातून एकदा शाळेत येऊन, आठवी-नववीच्या मुलांसमोर आणि पालकांसमोर, आपली वही मोठ्याने वाचावी. तोट्याचीसुद्धा. विशेषतः तोट्याची.

यावर आक्षेप येतील, काही आलेही आहेत. शाळेने शिकवावे, धंद्यात पडू नये, असे एका ज्येष्ठ पालकांनी सुनावले. पैशावरून माजी विद्यार्थ्यांत फूट पडेल, असे आमच्यांतल्याच एका सहकाऱ्याला वाटते, आणि त्यांची भीती आम्हाला निराधार वाटत नाही. समाजाच्या कितीतरी संस्था हिशेबावरूनच मोडल्या. पण त्या हिशेब वाचल्यामुळे मोडल्या की न वाचल्यामुळे, याचा विचार व्हावा. आम्ही स्वतः एक चूक कबूल करतो: त्या सहा मुलांना पैसे देताना आम्हीही काहीच लिहून घेतले नव्हते, आपलीच मुले म्हणून. वहीची शिस्त त्यांनी आम्हाला लावली.

येत्या माजी विद्यार्थी मेळाव्यात हा प्रस्ताव चर्चेला ठेवणार आहोत. ज्यांना तो अजिबात पटलेला नाही, त्यांनी अवश्य यावे. निधीचे हिशेब तपासण्यासाठी दोन माणसे हवी आहेत, आणि ती शंका घेणाऱ्यांतलीच असावीत, असा आमचा आग्रह राहील.